राजाच्या दाराला नवं

दसरा होऊन गेला होता, भात पिवळं पडलं होतं, आणि मी व माझी बायको पार्वती गुंदहून सावंतवाडीचा राजवाडा बघायला निघालो. नुसतं बघायला नव्हे. माझ्या मांडीवर वेताची टोपली होती आणि तीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली भाताच्या कणसांची जुडी होती.

गेली दोन वर्षं गव्यांनी आमचं शेत चरून नेलं. औंदा मी माळ्यावर (राखणीच्या मचाणावर) बसून बोल दिला की पीक हाताला लागलं तर नवं (पहिली कणसं) पुऱ्या रीतीनं बांधीन. रीत माझ्या आज्यानं सांगितलेली. पहिली जुडी देवाला, दुसरी राजाच्या दाराला, तिसरी आपल्या दाराला. आपल्या दाराला बांधल्याशिवाय घरात नवा तांदूळ शिजत न्हाई, बाहेरही खायचा न्हाई. देवाची जुडी झाली आणि राजापाशी गाडी अडली.

थोरला म्हणाला, "बाबा, राजे गेले कवाच."

मी म्हणालो, "सावंतवाडीला वाडा हाय न्हवं, आत राजाच्या घरची चूल पेटती न्हवं? वाड्याला दार हाय न्हवं? मग झालं."

सून दारातून म्हणाली, "मामंजी, जुना तांदूळ कणगीच्या तळाला लागलाय. लौकर या."

जोयड्याला बस धरली. कंडक्टर कानडीत म्हणाला, "अज्जा, बुट्टी म्याले इड्री." (आजोबा, टोपली वर ठेवा.) मी म्हणालो, ह्यात राजाचं नवं हाय, ते फळीवर चढत न्हाई. तो हसला आणि पुढे गेला. आमच्याकडे बायकांना बस फुकट असते. पार्वती तिकीट नाचवत म्हणाली, "राजाकडं तुम्ही चाललाय, पण फुकट कोण बसलंय बघा."

रामनगर, खानापूर करत बेळगाव आलं. पुढच्या बसला वेळ होता आणि किल्ला स्टँडला लागूनच, म्हणून आत गेलो. काय तो खंदक! पाण्यात आभाळ पडलेलं. तटाचा दगड हाताला गार लागतो, आणि दरवाजा असा की हत्ती अंबारीसकट जावा. आत चिंचा आहेत, जुनी देवळं आहेत, एका देवळाच्या छताला दगडाचं कमळ उमललंय. दगड आहे हे खरं वाटत नाही. पार्वती दरवाजाकडे बघत म्हणाली, "हितंच बांधा की. एवढं मोठं दार मिळायचं न्हाई." मी म्हणालो, "दार मोठं हाय, पण आत राजाची चूल न्हाई. चूल न्हाई तिथं नवं कुणासाठी?" तिला पटलं, पण तसं ती कधी म्हणत नाही.

आंबोलीच्या घाटात धुकं खिडकीतून आत येत होतं. पावसाळा सरून गेला तरी कड्यावरून पाण्याच्या बारीक धारा लोंबत होत्या. आमच्याकडेही रान आहे, काळी नदी आहे, सुपा धरणाचं पाणी आहे. तरी सांगतो, त्या घाटात मी मांडीवरची टोपलीसुद्धा विसरलो.

सावंतवाडीला उतरलो आणि समोर तळं. मोती तलाव म्हणतात. गावाच्या मधोमध एवढं पाणी, काठाला झाडं, पलीकडे तांबड्या दगडाचा वाडा, आणि तो उलटा होऊन पाण्यातही उभा. उतरत्या कौलांची घरं, ओसरीवर बसून गप्पा मारणारी माणसं. कुणाला घाई नाही. खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी समोर आली. मी आधी विचारलं, "भात नव्या तांदळाचा का जुन्या?"

मालक म्हणाला, "आजोबानू, तांदूळ पोत्यातलो. पोत्याक काय विचारूचा?"

"मग भाकरी आण."

पार्वती भाताकडे बघत राहिली. मग तिनंही भाकरीच खाल्ली आणि तळ्याला अर्धा वळसा होईपर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालली.

वाड्याच्या दारात पहारेकरी होता. बरा माणूस. "खंयसून इलात?" (कुठून आलात?) म्हणाला. मी टोपली उघडून सगळं सांगितलं. त्यानं कणसांना हात जोडले. मग म्हणाला, "पण बांधूक जागा नाय, आजोबानू. वर बघा."

वर बघितलं. दाराच्या कपाळावर आंब्याच्या पानांत गुंफलेली भाताची कणसं होती, दसऱ्याची. सुकत आलेली, पण मानानं लोंबत होती.

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. राजाच्या घरची रीत आणि आमच्या मातीच्या घरची रीत एकच, म्हणून छाती फुगली. आणि माझी जुडी हातातच राहिली, म्हणून तीच छाती खाली बसली. एक मात्र खरं, त्यांच्या कणसापेक्षा माझं कणीस लांब होतं. ते मी पहारेकऱ्याला सांगितलं. त्यानं मान्य केलं.

आत गेलो. दरबार, सिंहासन, झुंबरं, आणि एका खोलीत गोल पत्त्यांवर केसाएवढ्या कुंचल्यानं देव रंगवत बसलेली माणसं. गंजिफा त्याचं नाव. नखाएवढ्या विष्णूला चार हात, आणि चारी हातांत वस्तू. खूप सुंदर होतं सगळं, पण माझा जीव टोपलीत होता. भरल्या दारावर दुसरी जुडी चढत नाही. ती परत न्यायची तर बोल मोडला, आणि बोल मोडला तर नवा तांदूळ शिजणार कसा?

बाहेर पडून चितारआळीत गेलो. तिथं लाकडाची फळं, भाज्या, खेळणी करतात. एका लहानशा दुकानात एक बाई लाकडाच्या आंब्याला पिवळा रंग देत होती. पार्वतीनं पाणी मागितलं. बाईनं पाट मांडला आणि पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला. पार्वतीचं लक्ष दाराकडे गेलं. आंब्याची पानं होती, कणसं नव्हती.

"नवं न्हाई बांधलं व्हय?"

"आमका शेत खंय, मावशी? भाऊ आणून देय दरवर्सा. औंदा तेना शेत पडीक टाकल्यान. मजूर मिळणत नाय म्हणता." बाई आंब्याकडे बघतच बोलली. "नव्याशिवाय दार उघडा उघडा दिसता."

पार्वतीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हे राजाचं हाय. असं कुणाच्याबी दाराला?"

"राजाचं दार भरलंय, अवो. त्याच्या गावातलं एक दार रिकामं हाय. राजाला विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं?"



मी उठलो. चौकट बसकी, हात सहज पोचला. बाईनं दोरा दिला, मी गाठ मारली. तिनं निरांजन लावलं, कणसांना कुंकू लावलं आणि आम्हा दोघांच्या पाया पडली. बाहेर उभं राहून मी बघितलं. खरं सांगतो, राजवाड्याच्या दारापेक्षा ते दार मला उजवं वाटलं. त्यात माझ्या कणसांचा भाग असेल.

घरी पोचलो तेव्हा सून चुलीपाशी होती. तिसरी जुडी मी आमच्या दाराला बांधली आणि तिनं नव्या तांदळाचं आधण ठेवलं. पातेल्याला वाफ धरली, घरभर वास सुटला, तेव्हा कुठं तिनं विचारलं, "मामंजी, बांधलं न्हवं राजाच्या दाराला? कोण भेटलं तिथं?"

मी तोंड उघडायच्या आत पार्वती म्हणाली, "राणी घरात हुती. तिनं पाट मांडला, गूळ दिला."

मी राजवाडा बघितलाय, किल्ला बघितलाय, आणि पार्वती खोटं बोलली असं मला अजून वाटत नाही.