शिळ्या भाताचे मानकरी

दाढेसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकनं बाबांचं पोट बिघडलं, ते महिना झाला तरी ताळ्यावर येईना. शेवटी मी त्यांना काचीगुड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि आपल्या दखनी हिंदीत म्हणाल्या, "अंकल, आतड्यातले जंतू म्हणजे घरकेच लोगां. उनकू बी खाना होना."

मग त्यांनी नीट समजावलं. जेवणातला जो भाग आपल्याला पचत नाही, तो या जंतूंना मिळतो. ते तो आंबवतात, त्यातून काही आम्लं तयार होतात आणि त्यांवर आतड्याचं अस्तर पोसतं. डाळी, ज्वारी, कच्ची केळी खा. शिजवून फ्रीजमध्ये गार केलेला भातही चालेल.

बाबा म्हणजे सकाळच्या भातालाही संध्याकाळी नाक मुरडणारे. घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "अगं, कालचा भात आहे का?"

आई बघतच राहिली. "तो मी सकाळीच खाल्ला. लग्न झाल्यापासून मीच खातेय."

"तरीच तुझं पोट कधी बिघडत नाही! आणि हे मला आज सांगतेस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी फ्रीजमध्ये डोकं घातलं.

त्यानंतर चार दिवस बाबांनी जंतूंची पंगतच मांडली. राजमा, हरभरे, भाकरी, केळ्याची भाजी, वर दोन वाट्या गार भात. पाचव्या दिवशी बिल्डिंगची मीटिंग होती. बाबा पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले आणि त्यांच्या पोटात असा काही गडगडाट झाला की शेजारचे काका म्हणाले, "मोटर चालू हो गई क्या?"

बाबा तिथेच खाली बसले. घरी येऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"एकदम इत्ता नक्को अंकल! आहिस्ता, थोडा थोडा."

मग अर्ध्या वाटीपासून सुरुवात केली. हळूहळू पोट शांत झालं, बाबांची चिडचिडही कमी झाली. आई आता पातेल्यातला पहिला, वाफाळता भात स्वतःच्या ताटात घेते, वर तूप. एकदा भात पुरता संपला, तेव्हा बाबा कुरकुरले, "उद्यासाठी थोडा ठेवायचास ना."

"अहो, जंतू तुमचे. कुकर तुम्हीच लावा."

बाबांनी जन्मात पहिल्यांदा कुकर लावला. पाणी जास्त झालं, भाताची पेज झाली. दुसऱ्या दिवशी ती गार पेज त्यांनी ताक घालून, मिटक्या मारत संपवली. "कशी झालीय?" मी विचारलं.

"आतून काही तक्रार नाही," बाबा म्हणाले.