दोन काठांचे भोंगे

दीपमालेची तिसरी भाकरी तव्यावर पडली होती. मनुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घेवडा निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली. एकदा, आणि मग जरा थांबून पुन्हा. कुरणवाडीत दिवसाढवळ्या कडी वाजवायची पद्धत नाही. माणूस सरळ "हाय का कोन घरात?" असं ओरडत सोप्यात येऊन बसतो आणि पाणी मागतो.

"सरपंच, तुमचं कोनतरी आलंय बगा," मनुबाई म्हणाल्या. सून सरपंच झाल्यापासून त्या तिला मधूनच अशी हाक मारायच्या. त्यात निम्मं कौतुक असे आणि निम्मा चिमटा. मुलगा फौजेत, तिकडं लांब. घरात या दोघीच, त्यामुळे चिमटा काढायला दुसरं माणूसही नव्हतं.

दीपमाला पिठाचे हात तसेच धरून दारात गेली. नाक्यावर मोटारी रिवाइंड करणारा मतीन उभा होता. चपला काढाव्यात की नाही, या विचारात त्यानं एक काढली होती आणि एक पायात होती.

"या की आत. मोटारीचं काय?"

"मोटारीचं न्हाई सरपंच. तुमच्याकडं न्हाई, मावशींकडं आलोय."

"माझ्याकडं?" मनुबाई आतूनच म्हणाल्या. "माजी कुटली मोटार जळली बाबा?"

"भोंग्याचं हाय मावशी."

मनुबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

भोंग्याचं प्रकरण काय, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. कृष्णेच्या या काठावर, सांगली जिल्ह्यात, कुरणवाडी. समोरच्या काठावर, सातारा जिल्ह्यात, धोंडेवठार. फार पूर्वी दोन्ही गावांच्या पंचायतींवर एकाच साली, दिसायला एकसारखे दोन भोंगे बसले. दुपारी बाराला ते वाजायचे आणि नदी चढली की थांबायचंच नाव घेत नसत. पुढं घरोघर घड्याळं झाली, मग मोबाइल आले, आणि दोन्ही भोंगे छपरावर गंजत पडले. आता इकडच्या गावागावांत नवी टूम निघाली होती. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही, मोबाइल बंद करायचे आणि पोरांनी अभ्यासाला बसायचं. कुरणवाडीनं ठरवलं, आपणही हे करू. धोंडेवठारनं ठरवलं, मग आपण का नको? दोघांनी आपापला भोंगा उतरवला आणि मतीनच्या दुकानात टाकला.

मतीननं दोन्ही खोलले, तारा नव्या भरल्या, बेरिंगं बदलली. ओळखीसाठी बुडाशी खडूनं गावांची नावं लिहून ठेवली होती. पण मध्ये आली खंडेनवमी. मतीनचे वडील चांदसाहेब यांचं वय झालेलं, तरी या एका दिवशी त्यांच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं. हत्याराला वर्षातून एकदा न्हाऊ घालायलाच हवं, त्यात हिंदू-मुसलमान कसलं, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळं दुकान अंगणात काढलं, धुतलं, पुसलं. भोंगेही घासले. मग ते नुसतेच बरे दिसेनात म्हणून दोघांना करड्या रंगाचा एकेक हात मारला आणि झेंडूच्या माळा घातल्या. खडू धुऊन गेला. आता कुठला भोंगा कुणाचा, ते खुद्द चांदसाहेबांनाही सांगता येईना.

"वाजवून बघितलं की मी," मतीन म्हणाला. "आतल्या चकतीला खिडक्या असत्यात मावशी. खिडक्या जास्त, तर आवाज बारीक. कमी, तर जाड. एक बारीक निगाला, एक जाड. दोन्ही गावची मान्सं आली हुती. जाड वाजला, की दोन्हीकडनं एकदम आरडले, 'ह्यो आमचा!' बारक्याला कोन वालीच न्हाई. जाडाचा आवाज लांब जातो, वाड्यावस्त्यांवर ऐकू येतो. कोन सोडंल? आता तुमीच काय ते सांगा. धोंडेवठारच्या तिगी लेकी हितं दिलेल्या. दोगी गेल्या. दोन्ही भोंग्याखाली ऱ्हायलेलं मानूस तुमीच एक."

तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला. दीपमाला पळाली. भाकरी उलटता उलटता आतून म्हणाली, "आई, तुमाला आठवतंय ते सांगा बाई. माझं काय म्हननं न्हाई." मग जरा थांबून, "पण जाड आपलाच हाय न्हवं?"

हेच तर अवघड होतं. दीपमालेनं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, की दिवाळीच्या पाडव्याला आपला मोठा भोंगा वाजणार आणि तो पार वरच्या वस्तीवर ऐकू जाणार. सरपंच होऊन वर्षही झालं नव्हतं. एवढा एक शब्द तिनं ठामपणे दिला होता.

मनुबाईंना उत्तर ठाऊक होतं. मतीननं तोंड उघडायच्या आधीपासून ठाऊक होतं. पण त्या म्हणाल्या, "ऐकल्याबिगर मी काय सांगायची न्हाई."

घेवड्याची पिशवी काखेत मारून त्या निघाल्या. मतीनच्या टेम्पोत पुढं बसल्या. मागं दीपमाला, आणि शेजारच्या घरातून आपणहून येऊन चढलेले मनुबाईंचे धाकटे दीर बाळासो.

"वैनी," बाळासो मागून म्हणाले, "पन्नास वर्सं हितलं मीठ खाल्लंय. इसरू नका."

"मीठ मीच आणत हुते भावजी बाजारातनं. तुमी खात हुता."

दुकानापुढं धोंडेवठारचा ज्योतिबा आधीच येऊन बसला होता. मनुबाईंच्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. होडी बंद पडली, पूल लांबून, गुडघे कुरकुरणारे. मनुबाईंचं माहेरी जाणं आपोआप थांबलं होतं. ज्योतिबानं वाकून पायाला हात लावला आणि कानाशी म्हणाला, "आत्ती, माहेरची लाज तुज्या हातात हाय बग."

"माज्या हातात घेवडा हाय. सर बाजूला."

चांदसाहेबांनी खुर्ची पुसून दिली. मतीननं बटण दाबलं. फळीवर ठेवलेला भोंगा गुरगुरला, आणि मग असा काही पेटला की मनुबाईंनी दोन्ही कानांवर पदर दाबून धरला. झाडावरचे कावळे उठले. समोरच्या चहावाल्यानं हातवारे करून काहीतरी सुनावलं, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"बंद कर, बंद कर!" मनुबाई म्हणाल्या. "भोंगा असा मांडीवर घेऊन कोन ऐकतंय का रं? भोंगा ऐकायचा चुलीपासनं, न्हाईतर रानातनं. जवळनं सगळेच राक्षेस. मला नदीवर न्या. उताराला. आन् मी तितं बसले की फोनवर सांगू, तवा लावा."

ज्योतिबाला हे पटलं, बाळासोंना पटलं नाही, पण बाळासोंना काहीच पहिल्यांदा पटत नसे. मतीन बटणापाशी थांबला आणि ज्योतिबानं टेम्पो उताराकडं काढला. पूर्वी होडी लागायची ती ही जागा. दगडी पायऱ्यांपैकी वरच्या चार अजून शाबूत होत्या. पलीकडं उसाच्या वर धोंडेवठारच्या देवळाचं शिखर दिसत होतं. पाऊस सरल्यावरची नदी, गढूळपणा गेलेली, सावकाश चाललेली. मनुबाई पायरीवर बसल्या, मांडीवर पिशवी पालथी केली आणि शेंगांच्या शिरा काढू लागल्या.

"आई, आता घेवडा कशाला?" दीपमाला म्हणाली.

"मोकळ्या हातानं मी कवा भोंगा ऐकलाय? हात कामात असला की कान खरा असतो. लाव फोन."

पहिला आला तो बारीक. लांबून, वाऱ्यावरून, चिरचिरत वर चढला आणि वर जाऊन थरथरत राहिला. मनुबाईंचे हात चालूच होते. या आवाजावर त्यांनी पंचवीस वर्षं भात उतरवला होता, पोरं शाळेतून यायच्या आत पानं मांडली होती, आणि नदी चढली तेव्हा याच आवाजावर म्हैस सोडून, धान्याची पोती माळ्यावर चढवून, पाण्याकडं पाठ करून टेकडीवर गेल्या होत्या. भोंगा उतरला. त्यांनी नुसती मान हलवली.

मग दुसरा. हा खालून, जमिनीतून आल्यासारखा सुरू झाला. घाई नाही. जड, भरलेला, म्हैस दावणीला मान वर करून हंबरावी तसा. नदीच्या पाण्यावर पसरला, पलीकडच्या उसात शिरला, आणि देवळाच्या टेकाडावर आपटून परत आला.

मनुबाईंचे हात थांबले.

धोंडेवठारला बाराचा भोंगा सुरू झाला की आई त्यांच्या डोक्यावर भाकरीची पाटी द्यायची आणि म्हणायची, भोंगा उतरायच्या आत वेशीबाहेर पड. मनू पळायची. चावडी, मग लोहाराचं घर, मग चिंच. भोंग्याचा आवाज मागून ढकलायचा. त्याचा शेवट सगळ्यांत लांब. संपला संपला म्हणेपर्यंत तळाला जाऊन तो एक लांबलचक घोगरा सूर धरायचा, आणि त्या सुरातच ती वेस ओलांडायची. आजही तो तसाच उतरला. नव्या तारा भरल्या, बेरिंगं बदलली, रंग दिला, तरी उतरणं तेच. मनुबाईंना नेहमी वाटे, की चढताना सगळेच भोंगे जोर करतात, ओळख पटते ती उतरताना.

घरी दारातच त्यांनी उत्तर दिलं असतं, तर हा भोंगा मतीनच्या टेम्पोत बसून पुलावरून गुपचूप पलीकडं गेला असता. तो एकदा लांबून ऐकायचा, एवढ्यासाठीच त्या उताराला आल्या होत्या.

"काय झालं आई?" दीपमालेनं विचारलं.

"जाड त्यांचा. बारीक आपला."

ज्योतिबानं "हा!" करून मांडीवर थाप मारली. दीपमाला नदीकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मनुबाईंना दिसलं, की ती मनातल्या मनात ग्रामसभेपुढं उभी आहे.

"वैनी, म्हातारपण लागलं तुमाला!" बाळासो उसळले. "जाड आपलाच! मी लहान हुतो तवापास्नं ऐकतोय. कसा दणाणायचा!"

"दणाणायचा तो नदीपलीकडनं भावजी. तुमी आपल्या भोंग्याला काय म्हनत हुता?"

"भोंग्याला काय म्हननार? भोंगा!"

"बाराला शाळेतनं सुटून दारात उभं ऱ्हाऊन कोन आरडायचं? 'वैनी, वाढा, करडू वरडलं!'"

बाळासोंचं तोंड उघडं राहिलं. मग ते हळूहळू मिटलं, आणि मिटता मिटता एका कोपऱ्यातून हसू सांडू लागलं.

"आयला," ते म्हणाले. "करडूच की रं ते."

मतीन फोनवर पलीकडून विचारत होता, काय ठरलं. त्याला कोणी उत्तर देईना, कारण बाळासो आता सगळी गोष्ट ज्योतिबाला सांगत सुटले होते. वहिनी नवी नवरी म्हणून आल्या त्याचा दुसरा की तिसरा दिवस. पंगत बसलेली. डोक्यावरून पदर, हातात वरणाचं भांडं. बाराचा भोंगा झाला आणि ही नवरी भर पंगतीत फिस्सकन हसली. सासरे ताटावरून म्हणाले, का गं हसलीस? तर ही खाली मान घालून म्हणते कशी, "आमच्याकडं म्हस हंबरती. हितं करडू वरडतंय." पंगत गारच झाली. सासऱ्यांनी घास खाली ठेवला. आणि मग तेच इतके हसले, की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यायला लागलं. त्या दिवसापासून साऱ्या आळीत भोंग्याचं नाव करडू पडलं. लहान बाळासोंनी तर ते गावभर केलं.

"आन् मीच इसरलो बगा," बाळासो डोळे पुसत म्हणाले. "पंचवीस वर्सं वाजला न्हाई, मग डोक्यात मोठाच झाला तो."

दीपमालाही हसत होती, पण मधूनच तिचं हसू मावळे. "आई, मी गावाला काय सांगू?"

"सांग, सासूनं बुडवलं."

"ते सांगतेच." तिनं पदर खोचला. "वरच्या वस्तीवर न्हाई ऐकू गेलं, तर तितं पोरगं पाठवून हाळी घालीन. बारीक तर बारीक. पण आपलाच पायजे." मग फोन कानाला लावून म्हणाली, "मतीनभाई, बारक्याच्या बुडाशी कुरनवाडी ल्ह्या. आन् खडूनं नको आता, रंगानं."

ज्योतिबा खुशीत होता, आणि जिंकलेल्या माणसाला उदार व्हावंसं वाटतं, तसं त्याचं झालं होतं. "वैनी," तो दीपमालेला म्हणाला, "पाडव्याला असं करू. बरोब्बर सातच्या ठोक्याला दोन्हीकडनं एकदम बटन दाबू. रोजच तसं करू. दोन्ही काठ दणाणले पायजेत!"

"झकास," बाळासो म्हणाले. दीपमालेलाही ते आवडलं. तिनं मान डोलावली.

मनुबाईंनी शिरा वेचून नदीकडं टाकल्या, शेंगा पिशवीत भरल्या आणि पिशवीचं तोंड दुमडलं. उठायला त्यांनी सुनेचा हात मागितला. उभ्या राहिल्यावर तो सोडला मात्र नाही.

"दीपमाला," त्या म्हणाल्या. सरपंच नाही, दीपमाला. "दोन्ही एकदम लावू नका. आपला घराशेजारीच हाय, त्याच्या आरड्यात पलीकडचं काय ऐकू येनार न्हाई मला. आदी त्यांचा वाजू दे. तो पार खाली उतरला, की मग आपला लावा. तेवडं माजं ऐक."