दिवाणखान्यातली चूल

पणजीच्या जमीन-दप्तरात गोविंद केंकरे यांनी चौतीस वर्षं नोकरी केली आणि संसार केला तो एका पोर्तुगीज कादंबरीकाराशी. मंदाकिनीबाई घरात होत्या, पण त्यांचा नंबर दुसरा. गोविंदराव शिकले पोर्तुगीज शाळेत, नोकरी जुने पोर्तुगीज कागद वाचून द्यायची. फावल्या वेळात त्याच भाषेतली एक जाडजूड कादंबरी त्यांनी मराठीत आणायला घेतली, तेव्हा मुलगा यशोधन बालवाडीत होता. तो पुण्यात इंजिनिअर झाला, न्यूझीलंडला गेला, पामर्स्टन नॉर्थला त्यानं घर घेतलं, त्याची सिद्धी आठ वर्षांची झाली, तरी कादंबरीचं शेवटचं प्रकरण बाकीच होतं.

तो लेखकही तसलाच. एकोणिसाव्या शतकातला. पोटासाठी सरकारचा वाणिज्यदूत होऊन परक्या, थंड गावांत राहिला आणि लिहिलं मात्र सगळं मायदेशातल्या माणसांवर. मुद्रितं तपासायला आली की हा समासात नवीन पानंच लिहून पाठवायचा, छापखान्यातले लोक रडकुंडीला यायचे. वास्तववाद म्हणजे खुर्ची कुठे ठेवलीय ते ठाऊक असणं, असं गोविंदराव सांगत. हे ते पणजीच्या बाजारात मासे घेतानाही सांगत, म्हणून कोळणी त्यांना लवकर मोकळं करत.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये मंदाकिनीबाई गेल्या. सहा महिन्यांसाठी दोघं मुलाकडे आले होते, त्यातला चौथा महिना चालू होता. यशोधन रडला, सून स्वप्ना रडली, शेजारची म्हातारी केक घेऊन आली, तीसुद्धा रडली. गोविंदराव तिचा डबा धुऊन परत द्यायला गेले. त्यांना रडू आलं नाही. काहीच येईना. ताट पुढे आलं की जेवत, फिरायला ने म्हटलं की बूट घालत. एकदा सिद्धीनं विचारलं, “आजोबा, आर यू सॅड?” त्यांनी खरोखरच विचार केला आणि म्हणाले, “माहीत नाही गं.”

एकच गोष्ट ठरलेली होती. पुस्तक मंदाकिनीबाईंच्या नावे अर्पण करायचं आणि वर्षश्राद्धाच्या आत काढायचं. म्हापशाला त्यांचा भाचा गणेश पुस्तकं छापायचा. त्यानं आधीची सगळी प्रकरणं जुळवून ठेवली होती. त्याला फक्त शेवटचं हवं होतं. गोविंदराव रोज दहा-बारा ओळी लिहीत, सरकारी अर्ज भरावा तशा.

जुलैत, तिकडच्या हिवाळ्यात, थंडी चावायला लागली. यशोधनचं घर जुनं, दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस. त्या शनिवारी माणूस येऊन धुराडं साफ करून गेला आणि दुपारी यशोधननं लाकडं पेटवली. स्वप्नानं सासऱ्यांना खोलीतून उठवून विस्तवासमोर बसवलं. सिद्धी गालिच्यावर पालथी पडून चित्रं रंगवत होती. यशोधन सळईनं ओंडका सारत होता. सगळे नुसते बसले होते. कोणी काही शिजवत नव्हतं.

गोविंदराव बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि चौथ्या प्रकरणाची वही घेऊन आले.

त्या प्रकरणात दोन बहिणी विस्तवापाशी बसून वडिलांचं घर विकायचं ठरवतात, नोकरांना पत्ता लागू न देता. आता डिचोलीत वाढलेल्या माणसाच्या घरात विस्तव म्हणजे चूल. आणि चूल कुठे असते? झालं. रेशमी झग्यातल्या त्या बायका गोविंदरावांनी सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवल्या होत्या. त्याच काय, चारशे पानांतले सगळे उमराव, बिशप, नवरदेव यायचे ते थेट चुलीपुढेच. जे गुपित मोलकरणीला बाविसाव्या प्रकरणात कळतं, ते मराठीत ती चौथ्यापासून भाजी चिरत ऐकत होती.

मुद्रणप्रत मंदाकिनीबाई करायच्या. एकदा लिहिता लिहिता थांबून त्यांनी विचारलं होतं, “अहो, ही एवढी मोठी माणसं सारखी स्वयंपाकघरात का बसतात? आणि मोलकरणीला इतक्या उशिरा कसं कळतं? ती तर तिथेच आहे.”

गोविंदराव म्हणाले होते, “तू अक्षर सांभाळ. वास्तववाद मी बघतो.”

त्यांनी अक्षर सांभाळलं. चारशेच्या चारशे पानं.

रविवारी गोविंदरावांनी गणेशला फोन लावला आणि छपाई थांबव म्हणून सांगितलं. गणेश आधी हसला. चूल काय नि फायरप्लेस काय, विस्तव तो विस्तव; फार वाटलं तर तळटीप टाकू, असं त्याचं म्हणणं. मामींच्या वर्षश्राद्धाला पुस्तक हवं ना, हेही त्यानं दोनदा विचारलं.

“आणि कोणाला कळणार आहे, मामा?”

“तिला कळलं होतं.”

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग गणेश म्हणाला, “मार्चपर्यंत नाही व्हायचं मग.”

“नाही व्हायचं,” गोविंदराव म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारपासून त्यांनी एकेक माणूस उचलून दिवाणखान्यात न्यायला घेतलं. नुसती चूल खोडून भागेना. मोलकरीण आधी बसल्या जागेवरून कॉफी द्यायची. आता तिला पडवीतून चालत आणावं लागलं, दार वाजवायला लावावं लागलं, ती आत आली की बहिणींना गप्प करावं लागलं. वाक्यागणिक कोणीतरी उठत होतं, दार लावत होतं. यशोधन म्हणाला, बाबा, एवढी घाई काय? घाई नव्हतीच. यशोधनला मुक्कामाची मुदत पुन्हा एकदा वाढवून घ्यावी लागली.

मार्च आला. वर्षश्राद्धाला स्वप्नानं खीर-वडे केले, यशोधननं फोटोला हार घातला. पुस्तक नव्हतं. गोविंदराव जेवले, हात धुतले आणि तिथेच टेबलाशी नववं प्रकरण घेऊन बसले. धाकट्या बहिणीचा नवरा गेलाय आणि ती विस्तवाकडे बघत बोलतेय. मुळात ती स्वतःशीच बोलते. गोविंदरावांच्या मराठीत ते सगळं मोलकरणीनं बसून ऐकलं होतं, मधे मधे “हो बाई” म्हटलं होतं.

त्यांनी मोलकरणीला बाहेर पाठवलं. “हो बाई” खोडलं. तिन्ही ठिकाणचं खोडलं आणि मग तो परिच्छेद हळू आवाजात वाचून पाहिला.

वाचून संपला तेव्हा स्वप्ना ताटं उचलत होती. तिनं वहीवर टपकलेले थेंब बघितले, मग बाबांकडे बघितलं, ताटं तशीच ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.