मुंजाजीची जीप आणि चार नोझल

हिंगोलीच्या दवाखान्यात कुणी वारलं, की गोरेगावच्या आसपासच्या खेड्यांतून पहिला निरोप वाडीच्या मुंजाजीकडे यायचा. सोयऱ्यांना मागाहून. जीपवाले आणखी पाच-सहा होते. पण प्रेत नेलेल्या गाडीत आठ दिवस सवाऱ्या बसत नाहीत म्हणून ते काहीतरी सबब सांगायचे. मुंजाजी मात्र नाही म्हणत नसे. परत आला की गाडी धुवायचा, बंपरला हळदकुंकू लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सेनगावच्या सवाऱ्या भरायचा. बसणारे मुकाट बसायचे, कारण त्यांच्याही घरचं कुणी ना कुणी त्याच गाडीतून आलेलं असायचं.

जीप डिझेलची, जुनी, पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतलेली. चारी चाकांना जोर होता. पावसाळ्यात काळ्या चिखलात बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे, तिथून ही निघायची. मुंजाजीचा बाप मेंढरं राखण्यातच म्हातारा झाला, आणि मुंजाजीही विशीपर्यंत कळपामागं चालला होता. त्यामुळे हातात स्टिअरिंग आलं तरी घाई त्याच्या अंगात कधी शिरली नाही.

रीत अशी होती, की गावातली माणसं शिवेवर येऊन थांबायची. तिथून घरापर्यंत जीप पुढे आणि सगळं गाव मागे पायी. जीपचा मागचा भाग आखूड, धडधाकट माणूस त्यात मावायचा नाही. म्हणून मागची फळी उघडी ठेवावी लागे आणि पाय थोडे बाहेर राहत. एवढी वाट मुंजाजी पहिल्या गिअरमध्ये काढायचा. या कामाचा त्याला अभिमान होता, आणि तो असायला काही हरकतही नव्हती.

चूक त्यानं केली ती अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात, हिंगोली जिल्हा व्हायच्या आदल्या वर्षी. इंजिनात डिझेल फवारणारे चार इंजेक्टर असतात. मिस्त्री लोक त्यांना नोझलच म्हणतात. त्यातला एक गळायला लागला. चारी बदलायला हवे होते. पण लग्नसराईचे दिवस, गाडी उभी ठेवायची कोणी? मुंजाजीनं ट्रॅक्टरचा एक जुना नोझल कुठूनसा आणला. भोकात बसला, म्हणजे झालं. तो डिझेल वाजवीपेक्षा जास्त फेकायचा. चढावर गाडी अशी उठायची की मुंजाजी खूश. मागून काळा धूर निघायचा, तर तो म्हणायचा, धूर हाय म्हंजे ताकद हाय. एवढंच होतं, की सावकाश चालवलं की इंजिन आचके द्यायचं आणि बंद पडायला बघायचं. मग पाय थोडा दाबून ठेवावा लागे.

दिवाळीनंतर शेजारच्या गावचा शिवशंकर गेला. बावीस वर्षांचा, कावीळ झालेला. बाप लहानपणीच वारला होता, घरात आई सखुबाई आणि चुलता व्यंकटराव. व्यंकटरावांचा शब्द गावात चालायचा. शिवेवर जीप आली तेव्हा सखुबाई बायकांच्या हातून सुटून धावत आली आणि थेट जीपच्या मागं चालायला लागली. मुंजाजीनं गाडी हळू केली, तशी ती आचके देऊ लागली. प्रेत घेऊन गाडी वाटेत बंद पडली तर गाव काय म्हणेल, या भीतीनं त्यानं पाय दाबला. धुराचा लोट उठला. घरासमोर उतरून त्यानं पाहिलं, तर सखुबाईचं तोंड काजळीनं काळं झालेलं आणि त्यावर डोळ्यांतल्या पाण्याचे ओघळ. मुंजाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुणी त्याला एका शब्दानं बोललं नाही. तेराव्यानंतर व्यंकटरावांचा निरोप तेवढा आला: यापुढं आमच्या गावची माती तुझ्या जीपमधी येणार न्हाई. टेंपोनं सडकेपर्यंत आणू, पुढं बैलगाडी हाय.

मुंजाजी दुसऱ्याच दिवशी हिंगोलीला गेला. तिथं सोनाजी मिस्त्री पंप आणि नोझलचं काम करायचा. त्यानं चारी नोझल काढले, एकेक हातपंपाच्या यंत्राला लावला आणि खाली कागद धरून दांडा दाबला. दोन नोझल नुसते थेंब थेंब गळले. एकाची धार तिरकी गेली. ट्रॅक्टरच्या नोझलनं तर कागद भिजवूनच टाकला. सोनाजीनं तो मुंजाजीसमोर धरला आणि फेकून दिला.

मग त्यानं माल मांडला. एक संच मोटारवाल्यांच्या पसंतीचा, गाडी पळवणारा. एक भंगारातून काढून दुरुस्त केलेला. तिसरा मूळ मापाचा, बारीक भोकांचा, त्यानं चढावर गाडी थोडी मवाळ होते. सोनाजीनं नेहमीचा सवाल केला, पिकप पाहिजे का ॲव्हरेज?

"दोनी नको," मुंजाजी म्हणाला. "म्हातारं माणूस चालतंय तेवढी चालली पाहिजे, बंद न पडता. अन् मागं धूर नको."

असं मागणारं गिऱ्हाईक सोनाजीला पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यानं तिसरा संच उचलला आणि चारी नोझल एकाच दाबावर आणण्यात अर्धा दिवस घालवला. प्रत्येकाचा फवारा कागदावर पाहिला. चौथा धुक्यासारखा उडाला तेव्हाच त्यानं मान डोलावली. संध्याकाळी मुंजाजी गोरेगावच्या रस्त्याला लागला तर इंजिन ॲक्सिलेटरला पाय न लावता चालत होतं. त्यानं उतरून पाहिलं. मागं धूर नव्हता.

पण ते बघायला बोलावणार कोणाला? गावाची शीव त्याला बंद झाली होती. बाजारात सखुबाई दिसली की तो दुसऱ्या गल्लीला वळायचा. असं दीड वर्ष चाललं. शेवटी बायको कौशल्याबाई वैतागली. एवढं मनात धरून बसला, तर तिला एकदा जाऊन सांगत काहून न्हाई, म्हणाली. मुंजाजी गेला. सखुबाई ओसरीवर तूर निवडत होती. त्यानं खाली बघतच सांगितलं, की माय, त्या दिवशीच्या धुराची माफी मागायला आलो. नोझल बदलले आता.

सखुबाईचा हात थांबला.

"कोन्ता धूर? मला धूर न्हाई दिसला, मुंजाजी. मला निस्ते त्याचे पाय दिसून राहिले होते. एकदा हातात घ्यावं वाटलं. हात पुढं केला की गाडी हातभर पुढं जायची. तू काहून पळवून राहिला होता रे?"

मुंजाजीकडे उत्तर होतं. गाडी बंद पडू नये म्हणून पाय दाबला होता. पण ते तिच्या काय कामाचं? इतके दिवस तो धुराला रडत होता, आणि त्या माउलीला लेकाच्या पायांना हातसुद्धा लावता आला नव्हता. तो तसाच उठला आणि घरी आला. दोन दिवस नीट जेवला नाही.

पुढच्या श्रावणात त्याच गावचा प्रभू मास्तर हिंगोलीत वारला. आठ दिवसांची झड लागलेली. टेंपो सडकेवर थांबला आणि पुढच्या चिखलात बैलगाडी जाईना. नाइलाजानं मुंजाजीला बोलावणं आलं. सडकेवरून प्रेत घेऊन तो शिवेवर आला तेव्हा गाव उभं होतं. प्रभूची बायको सीमा अगदी मागं, चार बायकांनी धरून ठेवलेली. मुंजाजीनं इंजिन चालू ठेवूनच गाडी थांबवली, खाली उतरला आणि चिखलातून तिच्यापर्यंत गेला.

"माय, पुढं ये. पाय धर मालकाचे. तू चालशील तशी गाडी चालंल."

व्यंकटराव पुढं झाले. बायामाणसं गाडीजवळ येत न्हाईत, म्हणाले. मुंजाजी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलला नव्हता.

"मालक, तिनं पाय धरल्याबिगर मी गाडी हलवणार न्हाई. पुन्हा बोलावू नका मला पाहिजे तर."

 मग गर्दीतून सखुबाई आली. दिराकडे तिनं पाहिलंही नाही. सीमाचा हात धरून तिनं तिला जीपमागं आणलं आणि तिचे दोन्ही हात प्रभूच्या पायांवर ठेवले. व्यंकटराव बाजूला सरले.

मुंजाजी गाडीत बसला. त्यानं आरसा वळवून सीमाच्या पावलांवर आणला आणि ती पाऊल टाकील तशी गाडी सोडू लागला. ती थांबली की तोही थांबायचा. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी तास लागला. वाटभर तो रडत होता, पण प्रभूसाठी नाही. सखुबाई सीमाच्या शेजारून चालत होती, आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते.