अरबाबच्या बंदुकीला हळदकुंकू

शारजात मी फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार होतो. आमचा मालक, त्याला आम्ही अरबाब म्हणायचो, शिकारीचा भारी शौकीन. दरवर्षी रीतसर परवाना काढून आफ्रिकेत जायचा. नव्वदच्या दशकात त्याने परदेशातून दोन नळ्यांची रायफल बनवून घेतली, शिंप्याकडे कोट शिवावा तशी अंगाचं माप देऊन. ती यायला दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात अरबाबचे गाल वाढले. दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडावर, गाल टेकला की डोळा वर राहायचा आणि गोळी निशाण्याच्या वरून जायची. परत पाठवावी तर आणखी वर्ष गेलं असतं. शिकारीला दहाच दिवस उरले होते.

एका सकाळी त्याने नुसता लाकडी दस्ता माझ्यासमोर ठेवला. लोखंड घरी, कुलपात.

"तू करेगा," म्हणाला.

"अरबाब, मैं दरवाजे बनाता हूँ."

"दरवाजा भी तो नाप से बनता है."

अक्रोडाचं इतकं देखणं लाकूड मी आधी कधी हातात धरलं नव्हतं. काचेच्या तुकड्याने कागदाच्या जाडीइतकं तासायचो. संध्याकाळी तो नळ्या घेऊन यायचा, जोडून गालाला लावायचा आणि मान हलवायचा. "थोड़ा और." जास्त निघालं तर लाकूड परत चिकटवता येत नाही, या धास्तीने शेवटी शेवटी मी काच नुसती फिरवत होतो.

शिकारीला तीन दिवस असताना दसरा आला. सकाळी लवकर जाऊन मी रंधा, करवत, पटाश्या फळीवर मांडल्या आणि पूजा केली. शेजारीच तो दस्ता. सगळ्यांना लावायचं आणि याला एकट्याला वगळायचं, हे जिवावर आलं. ओली हळद आणि वर कुंकू लावलं, नेमकं गाल टेकतो तिथे. तासलेल्या, बिनतेलाच्या लाकडाला ओली हळद लावू नये हे शेंबडं पोरही सांगेल. वीस वर्षं रंधा मारलेल्या मला ते पुसताना कळलं.

"खलास. तेरा वीज़ा गया," फोरमन म्हणाला. गावी सहा माणसं या नोकरीवर जेवत होती.

अरबाब आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. त्याने डाग उजेडात धरून पाहिला.

"ये किसलिए लगाते हो?"

"औज़ार धोखा न दे, इसलिए."

"मेरे गाल के नीचे ये नहीं चलेगा. निकाल दे." एवढंच बोलून गेला.

डाग खोल उतरला होता. तो काढताना, भीतीने राखून ठेवलेलं सगळं लाकूड निघून गेलं. संध्याकाळी अरबाबने गाल टेकवला आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी मला पिकअपमध्ये घालून तो वाळवंटातल्या शूटिंगच्या मैदानावर घेऊन गेला. दोन्ही गोळ्या मधोमध, पंजाखाली झाकतील अशा. मग त्याने मलाही एक बार काढायला लावला. आठवडाभर खांदा निळा होता आणि मी तो खोलीतल्या सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

पुढच्या दसऱ्याला तो बंदुकीची चामड्याची पेटी घेऊन स्वतःच आला. "पेटी पर लगा. लकड़ी पर नहीं." मग दरवर्षी तसंच. माझी नोकरी देवाने राखली असं बायको म्हणते. मी देवाला मानतो, पण त्या माणसाची आठवण आली की आधी त्याच्यासाठी हात जोडले जातात.

अल नहदातल्या टॉवरांचे दरवाजे करता करता माझे गुडघे गेले आणि मी कायमचा परत निघालो. शेवटच्या दसऱ्याला पेटी समोर आली. एरवी मी घाईत तिच्या एका ठरलेल्या कोपऱ्यावर बोट टेकवून कामाला लागायचो, त्या दिवशी नीट पाहिलं. आफ्रिकेहून आलेली पेटी पुसून पॉलिश केलेली, कड्या चकचकीत. फक्त माझ्या कोपऱ्यावर, दरवर्षीच्या कुंकवाची पुटं एकावर एक तशीच होती.