फोटोला ‘येते हं’ म्हटल्याचा शेरा आणि माझी चाकणवारी

मंगळवार, ३ फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून १० मिनिटं. चिंचवडच्या आमच्या विरंगुळा केंद्रात ‘शोक आणि श्रद्धा’ या अभ्यासाच्या मानसशास्त्रज्ञ डॉ. मृणाल यांनी माझ्या फॉर्मवर शेरा मारला: ‘मृत पतीशी बोलतात. भास? तपासणी हवी.’ घराबाहेर पडताना ह्यांच्या फोटोला ‘येते हं’ म्हणते, एवढंच मी सांगितलं होतं. वाचल्याशिवाय सही करू नये, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी फूटपट्टीने शिकवलं होतं. चष्मा विसरले आणि न वाचताच सही केली, ही चूक माझी. प्रत नागपूरला मुलाकडे पाठवली, ही त्यांची. त्याचा लगेच फोन: “आई, आता एकटीने राहायचं नाही. फ्लॅट भाड्याने देऊ.”

शुक्रवारी ही अभ्यासाची मंडळी चाकणजवळच्या एका गावात फॉर्म भरून घ्यायला बसणार होती. निघाले. तुम्ही जाणार असाल तर भोसरीहून साडेसातच्या आत बस धरा. ज्येष्ठांचा पास चालतो. मी नऊला निघाले आणि मोशीपुढे कंटेनरच मोजत बसले. चाकणला कांद्याच्या बाजाराबाहेर गरम भजी खाल्ली. भांडण उपाशीपोटी करू नये. पुढे रिक्षा.

देवळाच्या मंडपात डॉक्टर आणि अभ्यासातले त्यांचे जोडीदार, धर्मशास्त्र शिकवणारे फादर, एकाच टेबलाशी होते. मी माझ्या फॉर्मची प्रत आपटली. “मला वेडी ठरवलंत?”

“तसं नाही हो,” डॉक्टर म्हणाल्या. “एकटं राहणाऱ्यांबाबत सावध राहावं लागतं.”

“मग मला विचारायचं. मुलाला का कळवलंत?”

फादरनी शेरा वाचला आणि समोर बसलेल्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत काम करणाऱ्या सुमनबाईंना विचारलं, “मावशी, गेलेल्या माणसाशी तुम्ही बोलता?”

“व्हय की! फस्ट शिफ्टला निघताना आमच्या ह्यांच्या फोटूला सांगूनच निघते.”

“ते उत्तर देतात?”

“जित्तेपणी कुठं देत हुते, आता देत्याल!”

सगळा मंडप हसला. डॉक्टरही.

“डॉक्टर, आपण प्रश्न अर्धाच विचारला,” फादर म्हणाले. “हा निरोप आहे, प्रार्थनेसारखा.”

“उरलेला अर्धा तुम्ही लिहा,” डॉक्टर म्हणाल्या, “पण जिला खरंच आवाज ऐकू येतात आणि जी त्यांना घाबरते, ती बाई यातून निसटता कामा नये.”

तासभर दोघं एका प्रश्नावर भांडले. दर वाक्य आम्हा दोघींना वाचून दाखवायचे. सुमनबाई “न्हाई” म्हणाल्या की खोडायचे. हे गेल्यापासून माझ्या बोलण्याचा अर्थ मलाच विचारणारी ही पहिली माणसं. डॉक्टरांनी माफीही मागितली, सर्वांसमोर. मी दोघांची ऋणी आहे, आणि हे मी सहसा लिहीत नाही.

घरी आले. फ्लॅट तोच, मुलाचा हट्टही तोच. त्याला तोंडी माफी पुरणार नाही. म्हणून डॉक्टर, फादर, आभार मानूनच मागते: माझा शेरा रद्द केल्याचं पत्र, दोघांच्या सहीने, एक प्रत मला आणि एक नागपूरला. शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.