सुरूच्या बनातली तात्पुरती समिती

माणसाला कशाचं व्यसन लागेल याचा काही नेम नाही. कुणाला तंबाखूचं लागतं, कुणाला पत्त्यांचं. करी रोडच्या गंगाधर पेडणेकरांना सेक्रेटरीपणाचं लागलं. लग्नाला जेमतेम अकरा महिने झाले होते. त्यांच्या चाळीचा सेक्रेटरी आजारी वडिलांना बघायला गावी गेला आणि तो येईपर्यंत म्हणून पेडणेकरांनी दप्तर हातात घेतलं. तो आला, दप्तर काही परत गेलं नाही. पुढे चाळ पडली, तिथे सत्तावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला, पेडणेकर माझगावच्या गोदीतल्या हजेरीच्या टेबलावरून निवृत्त झाले, तरी सेक्रेटरी तेच. चौतीस वर्षं! लेकीच्या बारशाला ते पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. टाकीच्या गळतीवर तातडीची सभा होती, काय करणार?

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. कुणाकडे मयत झालं की पहिले पोचणार पेडणेकर, कुणाच्या पोराला शाळेत प्रवेश हवा की पहाटे रांगेत उभे राहणार पेडणेकर. फक्त स्वतःच्या घरी ते पाहुण्यासारखे येत, जेवत, आणि ‘मीटिंग आहे’ म्हणून निघत. त्यांच्या पत्नी लतिकाबाई गिरगावच्या. पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर बसलेल्या. त्या म्हणायच्या, “अकरा महिने मला नवरा होता. मग सेक्रेटरी मिळाला.” हे त्या हसत म्हणत, म्हणून पेडणेकरांना तो विनोद वाटे.

यंदा त्या हसल्या नाहीत. बंगळूरला लेकीला, अनुजाला, मूल झालं होतं आणि आईनं वर्षभर येऊन राहावं म्हणून ती मागे लागली होती. तिनंच आईबाबांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला कॅरॅव्हॅन ठरवून दिली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बसक्या फ्रिजएवढं न्हाणीघर. ती घेऊन कोकणात समुद्रावर जायचं आणि तिच्यातच राहायचं. लतिकाबाईंनी बॅग भरता भरता सांगून टाकलं, “चार दिवस. आपण दोघंच. त्यात तुम्ही कुणाचे सेक्रेटरी झालात, तर चौथ्या दिवशी अनुजाचा फोन येईल तेव्हा मी सांगणार, काढ माझं तिकीट.”

“गो, समुद्रार खंयची सोसायटी?” पेडणेकर म्हणाले आणि त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

शपथ वाटेतच ढिली व्हायला लागली होती. गाडीला ड्रायव्हर होता, कोंडीराम नावाचा. त्याच्याशेजारी बसून पेडणेकरांनी महामार्गावर त्याचं गाव, त्याच्या भावकीतला बांधाचा तंटा आणि त्यावरचा तोडगा असं सगळं उरकलं. लतिकाबाई मागे एकट्या खिडकीबाहेर बघत होत्या. माणगावला चहाला थांबल्यावर पेडणेकरांना आठवलं की आपण बायकोला घेऊन निघालोय.

जागा मात्र झकास होती. गाडी लावून कोंडीराम गावात मुक्कामाला गेला. गणपत नावाच्या गाववाल्यानं स्वतःच्या सुरूच्या बनात चार गाड्यांपुरती सोय केली होती. विजेचा एक बोर्ड, पाण्याचा एक नळ, एक संडास-न्हाणीघर, कारण गाड्यांतलं पाणी पुरत नसे. पलीकडे वाळू आणि समुद्र. तीन गाड्या आधीच लागल्या होत्या. एकीत बोरिवलीचा हितेंद्र, त्याची बायको श्रेया, त्यांचं बाळ आणि थंड हवा फेकणारी दोन यंत्रं. दुसरीत नूपुर नावाची एकटी मुलगी, कानाला हेडफोन लावून समुद्रासमोर ऑफिसचं काम करणारी. तिसरीत राजस आणि विनीत हे दोन मित्र, जे अकराला उठत आणि न्हाणीघरात गेले की बारा वाजवत. सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या एकमेकांकडे पाठ करून मांडल्या होत्या.

ते दृश्य पेडणेकरांना बघवेना. चार बिऱ्हाडं, आणि कुणाला कुणाचं आडनाव माहीत नाही! त्यांनी दोन तास कळ काढली. लतिकाबाईंशेजारी बसून समुद्र बघितला. समुद्र काही बोलत नव्हता. शेवटी दुपारी चार वाजता खांद्यावर टॉवेल टाकून, ब्रशला पेस्ट लावून ते नळाकडे निघाले.

“आता दात घासताय?” लतिकाबाईंनी विचारलं.

“समुद्राची खारी हवा,” पेडणेकर म्हणाले. “दाताक बरी नाय.”

चाळीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की तोंडात ब्रश घेऊन नळावर उभं राहिलं की जग आपोआप बोलायला येतं. इथे कुणी येईना. पेडणेकरांनी तेच दात पाऊण तास घासले. हिरड्या झोंबायला लागल्या तेव्हा देव पावला. हितेंद्रनं मक्याची कणसं भाजायला विजेची भट्टी लावली, बोर्डवर फट्ट असा आवाज झाला आणि चारही गाड्यांची वीज गेली.

नूपुर हेडफोन काढून धावत आली. “कोणी लावलं ते? माझा क्लायंट कॉल चालू होता!”

“मॅडम, आम्हीपण पैसे भरलेत ना?” हितेंद्र म्हणाला.

“आणि तुम्ही दोघं,” श्रेयानं राजस-विनीतला धरलं, “सकाळी पोटात कळ आली तरी न्हाणीघर रिकामं नाही!”

“चिल ना ताई,” विनीत म्हणाला, आणि भांडण चांगलंच पेटलं.

पेडणेकरांचा चेहरा उजळला. त्यांनी चूळ भरली, टॉवेलानं तोंड पुसलं आणि दोन्ही हात वर केले. “मंडळी! प्रश्न सामायिक आहे. सामायिक प्रश्नाला समिती लागते.”

दहा मिनिटांत तात्पुरती समिती स्थापन झाली. गाडीच्या माहितीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर उपस्थितांची नावं लिहून घेताना पेडणेकरांना पाठीमागे बायकोची नजर जाणवली. ते वळून म्हणाले, “मी सेक्रेटरी नाय हां. मी फक्त निमंत्रक.”

लतिकाबाई काही बोलल्या नाहीत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की न बोलण्याचे अर्थ कळायला हवेत, पण पेडणेकर तेव्हा प्रास्ताविकाला लागले होते. प्रास्ताविक पंचवीस मिनिटं चाललं. त्यात करी रोडच्या नळाचा सगळा इतिहास येऊन गेला. मग हितेंद्रनं हरकत घेतली, राजसनं हरकतीवर हरकत घेतली, नूपुर रडकुंडीला आली, आणि वीज अजून गेलेलीच.

तेव्हा लतिकाबाई उठल्या. त्यांनी घडीचं टेबल गाडीच्या दाराशी मांडलं, पलीकडे खुर्ची घेऊन बसल्या, चष्मा लावला आणि पोस्टातल्या आवाजात म्हणाल्या, “गर्दी करू नका. एकेकानं यायचं. पहिला कोण?”

सात मिनिटांत निकाल लागला. हितेंद्रचं कुटुंब दहा ते एक पाण्यात डुंबत असतं, तेव्हा त्यांची यंत्रं बंद आणि नूपुरचे कॉल चालू. भट्टी संध्याकाळी सातनंतर. राजस-विनीत उठतातच अकराला, तर त्यांची अंघोळ सगळ्यांच्या शेवटी, मग काय ती गाणी म्हणत करा. “पटलं? मग पुढचा!” पुढचा कुणी उरलाच नाही. गणपतनं वीज चालू केली.

“काकू अध्यक्ष!” विनीत ओरडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात जोरात पेडणेकरांनी वाजवल्या. मनातल्या मनात ते स्वतःवर भलतेच खूश झाले होते. समितीही झाली, बायकोही खूश, शपथही शाबूत. एका दगडात दोन नव्हे, तीन पक्षी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले तर पलंगावर शेजारी कुणी नाही. दारात टेबल लागलेलं, पुढे रांग. श्रेयाला बाळाच्या तापाबद्दल विचारायचं होतं, नूपुरला नोकरी सोडू की नको हे विचारायचं होतं, राजसला घरी एका मुलीबद्दल कसं सांगावं ते. प्रश्न विजेवरून कधीच पुढे गेले होते. पेडणेकर अधूनमधून म्हणायचे, “यावर माझं एक निवेदन आहे.” रांगेतले लोक मान डोलवायचे आणि काकूंकडे वळायचे.

त्या दुपारी पेडणेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा दोघांसाठी चहा केला. साखर कुठे असते तिथपासून सुरुवात होती. कप भरून बाहेर आले तर लतिकाबाई नाहीत. नूपुर त्यांना पाण्यावर तरंगायला शिकवायला घेऊन गेली होती. पेडणेकरांनी कपावर बशी ठेवली. मग चहा पुन्हा गरम केला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो काळाकुट्ट झाला. दीड तासानं लतिकाबाई ओल्या, वाळूनं माखलेल्या, लहान मुलीसारख्या लाल होऊन आल्या.

“कुठे होतीस?”

“अहो, मीटिंग होती.”

“कुठे?”

“पाण्यात,” लतिकाबाई म्हणाल्या आणि केस पुसत आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी तर त्या पहाटेच राजस-विनीतला उठवून मासळीच्या लिलावाला गेल्या, तिथून श्रेयाबरोबर गावातल्या देवळात, आणि संध्याकाळी हितेंद्रच्या भट्टीवर बांगडे भाजले गेले तेव्हा मसाला कुणी लावायचा हेही काकूंनीच ठरवलं. सुरूच्या बनात आता सगळ्या खुर्च्या एकमेकांकडे तोंड करून होत्या. चौतीस वर्षं पेडणेकर ज्यासाठी धडपडले, ते बायकोनं दोन दिवसांत करून दाखवलं होतं, आणि त्यात त्यांना कुठेच जागा नव्हती. हितेंद्र दिवसातून आठ वेळा विचारायचा, “अंकल, काकू कुठे आहेत?” आणि पेडणेकरांना माहीत नसायचं.

ते वाळूत बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट कशाचं वाटतंय हे कळल्यावर आणखी वाईट वाटलं. माणूस आपलं आहे, जवळच आहे, हसतंय, फक्त आपल्यासाठी त्याला सवड नाही. हे दोनच दिवस चाललं होतं, तरी सोसवत नव्हतं. लतिकानं हे किती वर्षं काढलं याची बेरीज करायचं धाडस त्यांना झालं नाही. आणि आता उद्या फोन येणार होता.

चौथ्या दिवशी सकाळी रांगेत राजसच्या मागे, हितेंद्रच्या पुढे, हातात कागद घेऊन पेडणेकर उभे होते.

“पुढचा,” लतिकाबाई म्हणाल्या, आणि वर बघून थबकल्या. पेडणेकरांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: प्रति, मा. अध्यक्ष, तात्पुरती समिती. विषय: अर्जदारासोबत समुद्रावर फेरी मारण्याकरिता एक तास मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सवडीनुसार वेळ द्यावा. आपला नम्र, गं. वि. पेडणेकर.

लतिकाबाईंनी अर्ज दोनदा वाचला. “एक तास? चौतीस वर्षांनी एक तास मागताय? आणि कारण कुठे आहे? कारण लिहिलेलं नाही. अर्ज अपुरा. दुरुस्त करून आणा. पुढचा!”

पेडणेकर गाडीमागे जाऊन बसले. नळ, लिफ्ट, गटार, गच्ची, कशाकशावर त्यांनी अर्ज लिहिले होते, पण या अर्जाला कारण लिहायला पेन चालेना. चार कागद फाटले. पाचव्यावर ना प्रति आलं ना विषय. तो घेऊन ते पुन्हा रांगेत लागले.

“अंकल, तुम्ही जा ना पुढे,” हितेंद्र म्हणाला.

“नको. रांग म्हणजे रांग.”

नंबर आला. लतिकाबाईंनी घडी उलगडली. कागदावर एकच ओळ होती: ‘तू नसलीस तर मी मीटिंगहून घरी कशाला येऊ?’

त्यांनी चष्मा काढला. पदरानं पुसला, परत लावला, परत काढला. विनीत वाकून वाचायला बघत होता, त्याला श्रेयानं कोपर मारलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अनुजा.

“हां, बोल गं. हो, मजेत. तिकीट ना? हो, काढ.”

पेडणेकरांच्या पायांखालची वाळू सरकली.

“दोन काढ,” लतिकाबाई म्हणाल्या. “हो, बाबापण. नाही, विचारलं नाही त्यांना. वर्षभर, मग काय! ते इथेच उभे आहेत, रांगेत.”

सोसायटीची वार्षिक सभा बारा दिवसांवर आली होती. विषयपत्रिकेवर तेवीस विषय होते आणि ते सगळे पेडणेकरांनी स्वतःच्या हातानं लिहिले होते. त्यांनी तोंड उघडलं. मागून सगळी समिती माना उंचावून बघत होती.

“गो,” ते म्हणाले, “थंय थंडी असता मा? माझो स्वेटर खंय आसा?”

“कपाटाच्या वरच्या खणात,” लतिकाबाई म्हणाल्या. “आधी तुमची सभांची मिनिट-बुकं बाहेर काढा. त्यांच्याखाली सापडेल.”